रेट्रो हँडहेल्ड घेणार असाल तर आधी हे वाचा, बॉडी तीच असते पण आत माल भलताच असतो

सध्या इन्स्टा उघडलं की रेट्रो हँडहेल्ड कन्सोलच्या (जुने व्हिडिओ गेम खेळायचं हातात मावणारं मशीन) जाहिराती धो धो येतात, कोणी गेमबॉय म्हणून विकतोय, कोणी पीएसपी म्हणून (ही जुन्या नावाजलेल्या कन्सोलची नावं), आणि चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की जास्तच, कारण भाचे-पुतणे घरी येणार, त्यांना काहीतरी द्यायचं असतं हे विकणाऱ्यांना बरोबर माहीत असतं. अशाच एका पेजवरून मी डिचोलीला घरी मागवला आणि माझे पैसे गेले. गोव्यातली बरीच पोरं हे घ्यायच्या विचारात आहेत म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

जाहिरात होती आर३६एस या मॉडेलची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा चिनी बनावटीचा स्वस्तातला हँडहेल्ड आहे, रॉकचिप आरके३३२६ चिप, १ जीबी रॅम, साडेतीन इंची ६४० बाय ४८० स्क्रीन, मेमरी कार्डाचे दोन स्लॉट, आणि त्यावर आर्कओएस नावाची लिनक्स सिस्टिम चालते. पैशाच्या मानाने वस्तू खरंच चांगली, गेमबॉय अॅडव्हान्स आणि पहिल्या प्लेस्टेशनचे बहुतेक गेम आरामात चालतात. पण यामागे कुठली मोठी कंपनी नाही, त्यामुळे तो साचा कोणीही उचलतो आणि तश्शीच बॉडी काढून आत हलका बोर्ड बसवतो. म्हणजे क्लोनचाही क्लोन, नकलेची नक्कल. जाहिरातीतल्या व्हिडिओत जो पीस होता तो अस्सलच होता, मी व्हिडिओ थांबवून थांबवून मेनू बघितला होता, आर्कओएसचा मेनू ओळखता येतो. कॅश ऑन डिलिव्हरी आहे असं लिहिलेलं, पण मेसेज केल्यावर म्हणाले सर गोव्याला सीओडी बंद आहे, यूपीआय करा, दोनशे रुपये कमी करतो. किंमत अडीच हजारांच्या आसपास.

पार्सल आलं, चालू केला, मारिओ मस्त चालला. इथेच सगळे फसतात. मारिओ, कॉन्ट्रा हे फॅमिकॉमचे गेम, ते मशीन १९८३ चं, ते आज कुठल्याही फालतू चिपवर चालतं, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. भाच्याने गेमबॉय अॅडव्हान्सचा गेम लावला तेव्हा आवाज खरखरायला लागला, चित्र अडकत अडकत, आणि सगळी माणसं उभी ताणल्यासारखी दिसत होती. त्याचं कारण असं की गेमबॉय अॅडव्हान्सची मूळ स्क्रीन २४० बाय १६० होती, ती ६४० बाय ४८० वर नीट बसवली तर वर-खाली काळ्या पट्ट्या राहिल्या पाहिजेत, इथे पट्ट्या नव्हत्या, चित्र ओढून पूर्ण स्क्रीनभर केलेलं आणि ते बदलायची सेटिंगच कुठे सापडेना. पंधरा हजार गेम म्हणून सांगितलेलं, त्यात तोच गेम वेगवेगळ्या नावाने परत परत. पीएसपीच्या फोल्डरमध्ये नावं दिसतात पण उघडायला गेलं की परत मेनू.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा आला, मामा माझा गेम सेव्हच नाही. आदल्या रात्री माझ्यासमोर सेव्ह केला होता पोराने. चेहरा एवढासा झालेला त्याचा, आणि खरं सांगतो, पैशापेक्षा मला त्याचाच जास्त राग आला.

मग कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. कार्डावर कुठल्या कंपनीचं नावच नाही, फक्त ६४ जीबी छापलेलं. आतलं जेवढं कॉपी होईल तेवढं बाजूला काढलं (बऱ्याच फाइल वाचतानाच एरर देत होत्या), मग कार्ड रिकामं करून एच२टेस्टडब्ल्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं, लिनक्सवाल्यांसाठी एफ३ आहे, काम तेच. निकाल आला, खरी जागा ८ जीबीच्या आत. या खोट्या कार्डांमध्ये कार्डाच्या आतल्या कंट्रोलर चिपलाच खोटं सांगायला शिकवलेलं असतं, कॉम्प्युटरने विचारलं तर तो ६४ सांगतो, खरी जागा संपल्यावर पुढचं लिहिलेलं एकतर हवेत जातं नाहीतर आधीच्या डेटावर चढतं, आणि लिहिताना एरर मात्र येत नाही. म्हणून सेव्ह झालं असं स्क्रीनवर दिसतं आणि सकाळी काहीच नसतं. पोराची काही चूक नव्हती.

फोंड्याला माझा एक मित्र आहे, हे कन्सोल रिपेअर करतो, त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याने चांगल्या कार्डावर आर्कओएस टाकून बघितलं, स्क्रीन काळी. पण त्याने एक गोष्ट नीट समजावली आणि ती महत्त्वाची आहे. काळी स्क्रीन आली म्हणजे क्लोन असं लगेच म्हणायचं नाही, कारण अस्सल आर३६एसमध्येसुद्धा वेगवेगळे स्क्रीन पॅनल येतात आणि त्या पॅनलची बरोबर फाइल कार्डात नसेल तरी असंच होतं. त्याच्याकडच्या सगळ्या फाइली लावून झाल्या, मग मागचे स्क्रू काढले. आत रॉकचिपचा पत्ताच नाही, भलत्याच कंपनीची चिप. त्याचे आम्ही फोटो काढून ठेवले.

पेजवाल्याला फोटो पाठवले तर आधी म्हणे कार्ड फॉरमॅट करा, मग म्हणे अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा, तो होता माझ्याकडे, पाठवला. त्यानंतर ब्लॉक. खोक्यावर बघितलं तर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही, हे तिन्ही छापणं कायद्याने बंधनकारक आहे. व्हिडिओ गेम बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) सक्तीच्या नोंदणीच्या यादीतसुद्धा आहेत, म्हणजे आर अक्षराने सुरू होणारा नंबर पाहिजे, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की बनवणाऱ्याचं नाव कळतं. माझ्या खोक्यावर त्यातलं काहीच नव्हतं.

बाजारात चारशे-पाचशेला मिळतो तो लाल डबा, ४०० इन १ वाला, त्याला मी फसवणूक म्हणत नाही. तो फॅमिकॉम एका चिपवर आणलेला आहे, त्यातले निम्मे गेम रिपीट असतात, पण लहान पोरांना तेवढ्या पैशात ठीक आहे. मात्र तोच डबा कोणी गेमबॉय म्हणून जास्त पैशाला देत असेल तर सरळ निघून या, गेमबॉयचं हार्डवेअर पूर्ण वेगळं, त्या डब्यात गेमबॉयचा गेम चालणं शक्य नाही.

घ्यायचाच असेल तर जिथे ओपन बॉक्स डिलिव्हरी (डिलिव्हरीवाल्यासमोर खोका उघडून बघायचा) किंवा बिलासकट रिटर्न आहे तिथूनच घ्या, आणि विकणाऱ्याला सांगा की आजची तारीख लिहिलेला कागद बाजूला ठेवून, चालू केल्यापासून गेमबॉय अॅडव्हान्सचा गेम सुरू होईपर्यंत न कापलेला व्हिडिओ पाठव. ज्याच्याकडे खरा पीस आहे त्याला यात काही त्रास नाही. आल्यावर पहिल्याच दिवशी कार्ड तपासा आणि चांगल्या कंपनीचं कार्ड घेऊन सगळं त्यावर हलवा, हे अस्सल पीसलासुद्धा लागू आहे, त्याच्यासोबत येणारी कार्डंही भरवशाची नसतात.

पैसे गेलेच असतील तर थांबू नका. यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर हाताशी ठेवून १९३० ला फोन करा, नाहीतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, जितकं लवकर तितकं बरं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील लागतोच असंही नाही, तक्रार ऑनलाइन पण करता येते. मी सायबर आणि ग्राहक दोन्हीकडे तक्रार केली आहे, चॅटचे स्क्रीनशॉट, बोर्डचे फोटो, कार्डाचा रिपोर्ट सगळं जोडलंय, अजून उत्तर यायचंय.

ते पेज नाव बदलून परत सुरू झालंय, व्हिडिओ तोच, फक्त वर नवीन लोगो. कोणी तिथे ऑर्डर करून बसला असेल आणि पार्सल अजून वाटेत असेल तर डिलिव्हरीवाल्यासमोरच व्हिडिओ चालू करून मग खोका उघडा, आणि आत क्लोन निघाला तर तो परत पाठवायची घाई करू नका, पुरावा म्हणून तीच वस्तू तुमच्या हातात असते.