नागपुरात घर किरायाने देता-घेताना: भाडेपट्टा, लीव्ह अँड लायसन्स की नोटरीचा कागद?

मानेवाड्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट असो की धंतोलीतला वरचा मजला, घर किरायाने देणाऱ्यापुढे आणि घेणाऱ्यापुढे तीन कागद येतात. पहिला भाडेपट्ट्याचा, ज्याने माणूस कायद्याच्या अर्थाने भाडेकरू होतो. दुसरा नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स कराराचा. आणि तिसरा, आपल्याकडे सर्रास चालणारा, स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेला अकरा महिन्यांचा कागद. या तिसऱ्याचा विचार आधी संपवतो, कारण त्याची निवड करण्याचे एकही सयुक्तिक कारण मला दिसत नाही.

बारा महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत केंद्रीय नोंदणी कायद्यावरून आलेली आहे. महाराष्ट्रात ती लागू पडत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लायसन्सचा प्रत्येक करार, मुदत कितीही असली तरी, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. ही जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली म्हणजे नोंदणी झाली असेही अनेकजण धरून चालतात. ती माहिती सुरक्षेसाठी असते; तिने करारातला एकही हक्क ठरत नाही.

आता खरी तुलना. भाडेपट्ट्याने जागेत भाडेकरूचा हितसंबंध निर्माण होतो, तर लायसन्सने फक्त ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी मिळते आणि कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो. हा फरक वाद उभा राहीपर्यंत कोणालाच जाणवत नाही, आणि उभा राहिला की सगळे त्याच्यावरच ठरते.

लायसन्सची मुदत संपूनही राहणारा घर सोडत नसेल, तर कलम २४ नुसार मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. तिथे तपासायचे एवढेच असते की जागा राहण्यासाठी लायसन्सवर दिली होती का आणि मुदत संपली का. लेखी करारातला मजकूर त्याबाबत निर्णायक पुरावा मानला जातो. समोरच्याला बचाव मांडायचा असेल तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्रासह तशी परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर जितके दिवस ताबा सोडला नाही तितक्या दिवसांची भरपाई लायसन्स फीच्या, म्हणजे करारात ठरलेल्या किरायाच्या, दुप्पट दराने द्यावी लागते. निवृत्तीनंतर किरायाच्या उत्पन्नावर घर चालवणाऱ्या मालकासाठी हे कलम म्हणजे मोठा आधार आहे.

भाडेपट्ट्यात चित्र उलटे होते. ठरलेले भाडे आणि कायद्याने मान्य वाढ भरण्याची भाडेकरूची तयारी असेल, तोवर मुदत संपली एवढ्यावरून त्याला काढता येत नाही. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी मालकाने लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. दाव्याचे समन्स मिळाल्यानंतरही नव्वद दिवसांत पंधरा टक्के साध्या व्याजासह थकबाकी कोर्टात जमा केली तर भाडेकरूचे घर वाचू शकते. बाकी कारणे कलम १६ मध्ये मोजून दिलेली आहेत: परस्पर पोटभाडेकरू ठेवणे, लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम करणे, सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा न वापरणे, मालकाची स्वतःची प्रामाणिक गरज, आणि आणखी काही. मालकाची गरज सिद्ध झाली तरी जास्त हाल कोणाचे होतील हे कोर्ट तोलून पाहते. भाडेवाढ वर्षाला चार टक्के.

महाल-इतवारीतल्या जुन्या घरांचे तंटे इतके रेंगाळलेले का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. विदर्भात ३१ मार्च २००० पर्यंत मुंबईचा भाडे कायदा नव्हताच, येथे जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडाचा सी.पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश, १९४९ चालत असे, आणि भाडेकरार संपवण्याची नोटीस देण्याआधीच मालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. परवानगीची एक लढाई आणि ताब्याची दुसरी, अशा दुहेरी फेऱ्यांत घरे अडकत. १९९९ च्या कायद्याने ती पहिली पायरी काढून टाकली, पण भाडेकरूचे संरक्षण कायम ठेवले.

खर्चाच्या बाजूने लायसन्स स्वस्त आहे. मुद्रांक शुल्क एकूण फी आणि परत करण्याच्या डिपॉझिटवरील दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागते. दरमहा १२,००० रुपये, डिपॉझिट ५०,००० आणि मुदत अकरा महिने धरली तर १,३२,००० अधिक सुमारे ४,५८३, म्हणजे शुल्क ३४१ रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी घरबसल्या होते. एवढ्या रकमेसाठी नोटरीच्या कागदावर विसंबणे मला अनाकलनीय वाटते.

राहणाऱ्याने मात्र लायसन्सवर सही करताना एक उणीव ध्यानात घ्यावी. नळ किंवा लाइट तोडून घर सोडायला भाग पाडणाऱ्या मालकाविरुद्ध कलम २९ खाली कोर्टातून पुरवठा पूर्ववत करून घेण्याचा हक्क कायदा भाडेकरूला देतो; लायसन्सवाल्याने तशी अट करारातच लिहून घ्यावी. मुदतीच्या मध्ये घर सोडायचे झाल्यास किती दिवसांची नोटीस, हेही दोन्ही बाजूंनी सारखे असावे.

माझे मत स्पष्ट आहे: घरासाठी नोंदणीकृत लायसन्स, आणि मुलांची शाळा ध्यानात घेऊन मुदत चोवीस किंवा छत्तीस महिन्यांची. दुकानासाठी हे मत बदलते. सीताबर्डीत किंवा गोकुळपेठेत फर्निचरवर पैसे घालून गिऱ्हाईक जोडणाऱ्याने अकरा महिन्यांच्या परवानगीवर धंदा उभारू नये. मालक तयार असेल तर नोंदणीकृत भाडेपट्टाच मागावा, त्याचे मुद्रांक शुल्क बरेच जास्त असले तरी. मालकानेही जाणून असावे की कलम २४ ची जलद वाट फक्त राहण्याच्या जागेसाठी आहे, दुकानासाठी नाही.

डिपॉझिटच्या भांडणात मात्र दोन्ही कागद सारखेच दुबळे. १९९९ च्या कायद्यात डिपॉझिटची कमाल रक्कम ठरलेली नाही, आणि रंगरंगोटीच्या नावाखाली कापलेल्या दहा-पंधरा हजारांसाठी दिवाणी दावा कोणी लावत नाही. त्यामुळे किल्ली घेताना मीटरचे रीडिंग, पंखे, गिझर, भिंतींवरची ओल आणि खिडक्यांच्या काचा यांची यादी करून दोघांनी सही करावी, फोटो एकमेकांना पाठवावेत, आणि रंगाचा खर्च कोणाचा व डिपॉझिट किल्ली दिल्यापासून किती दिवसांत परत, हे करारात आकड्यांनिशी लिहावे.