लांडगा कमी, धाकधूक जास्त : ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’

मी मालिकांचं एडिटिंग करते. म्हणजे सासूने सुनेकडे पाहिलं की तोच शॉट तीनदा, तिन्ही वेळा ढॅण, आणि मग दिवाणखान्यातल्या प्रत्येकाचं तोंड एकेक करून. पोटासाठी करावं लागतं. पण त्यामुळे भयपट बघताना माझं लक्ष भुतापेक्षा कात्रीकडे जास्त असतं. कुठे कापलंय, कुठे थांबलेत, आवाज कधी बंद केलाय. जॉन लँडिसचा १९८१ सालचा हा वेअरवुल्फचा, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाचा सिनेमा मी त्याच नजरेने परत पाहिला. ताण कसा चढवायचा हे शिकायचं असेल तर शेवटची काही मिनिटं सोडून अख्खा सिनेमा बघा. त्या शेवटावर येतेच.

डेव्हिड आणि जॅक ही दोन अमेरिकन पोरं पाठीला सॅक लावून इंग्लंड फिरायला निघालीत. मेंढ्यांच्या ट्रकमधून उतरतात ती उत्तरेकडच्या ओसाड माळावर. थंडीने काकडून गावातल्या पबमध्ये शिरतात. पबचं नाव ‘द स्लॉटर्ड लॅम्ब’, म्हणजे पाटीपासूनच अपशकुन. भिंतीवर पंचकोनी तारा, शेजारी जळत्या मेणबत्त्या. गावकरी आधी चिडीचूप. मग एकजण चुटका सांगतो, सगळे खो खो हसतात, वातावरण जरा सैल होतं आणि नेमका तेव्हाच जॅक विचारतो, हा तारा कशासाठी? डार्ट फेकणाऱ्याचा नेम चुकतो. बस, एवढंच. संगीत नाही, डोळ्यांवर झूम नाही. आमच्याकडे या एका प्रश्नावर ब्रेक घेतला असता.

रस्ता सोडू नका, चंद्राला जपून असा, एवढं बजावून त्यांना बाहेर काढतात. गप्पांच्या नादात पोरं रस्ता सोडतातच. पुढचं सगळं काम आवाजाचं आहे. आधी लांबून हेल काढून रडल्यासारखं काहीतरी, मग ते दुसऱ्या बाजूने, मग जवळून. पडद्यावर फक्त अंधार आणि भीती लपवायला पांचट विनोद करत झपाझप चालणारी दोन माणसं. डेव्हिड घसरून पडतो. दोघांना हसू फुटतं. जॅक त्याला उठवायला हात पुढे करतो, आपणही श्वास सोडतो आणि त्याच क्षणी झडप. हा कट अर्धा सेकंद आधी आला असता तर फुकट गेला असता.

त्या हल्ल्यात जॅक मरतो. पुढे डेव्हिड लंडनच्या इस्पितळात शुद्धीवर येतो, नर्स अ‍ॅलेक्सच्या प्रेमात पडतो (हे जरा फारच पटापट होतं) आणि तिच्या फ्लॅटवर राहायला जातो. मला सगळ्यात आवडलेला भाग इथे आहे. पौर्णिमेचा दिवस, ती ड्यूटीवर, आणि हा घरात एकटा. फ्रिज उघडतो, बंद करतो. टीव्हीचे चॅनल फिरवतो. इकडून तिकडे येरझाऱ्या घालतो. त्यावर ‘बॅड मून रायझिंग’ हे उडतं गाणं. काहीच घडत नाही आणि ते घडत नसल्यामुळेच बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. आमच्या चॅनलवाल्यांना हे फुटेज दाखवलं असतं तर पहिला शेरा आला असता, ‘स्लो आहे, उडवा’.

आणि मग रूपांतर. भयपटात असल्या जागी दिवे मालवतात, म्हणजे मेकअपची शिवण दिसत नाही. इथे बैठकीच्या खोलीत लख्ख उजेड आहे. सॅम कुकच्या मऊ आवाजात ‘ब्लू मून’ चालू, आणि डेव्हिडचा पंजा डोळ्यांदेखत लांबतो, पाठीचा कणा वर येतो, जबडा पुढे सरकतो. संगणकाची जादू नाही, रबर, यंत्रं आणि मेकअपवाल्या रिक बेकरचे हात. सर्वोत्तम मेकअपचं ऑस्कर नियमित स्पर्धेत पहिल्यांदा दिलं गेलं ते १९८२ च्या सोहळ्यात, आणि ते यालाच मिळालं. पण इथे भीती लांडग्याची वाटत नाही, दुखण्याची वाटते. डेव्हिडचं काम करणारा डेव्हिड नॉटन अक्षरशः बाळंतवेणा आल्यासारखा ओरडतो.

टॉटनहॅम कोर्ट रोडच्या भुयारी स्टेशनातला प्रसंगही असाच. सुटाबुटातला एक गृहस्थ, रिकामे बोगदे, गुरगुर. त्याला वाटतं कुणीतरी चेष्टा करतंय, म्हणून तो चक्क तक्रार करण्याची धमकी देतो! मग पळतो, सरकत्या जिन्यावर कोसळतो. कॅमेरा जिन्याच्या माथ्यावरून खाली बघतोय आणि अगदी तळाशी, फ्रेमच्या टोकाला, एक काळा आकार सावकाश आत येतो. धावत नाही. लांडगा इतक्या लांब ठेवायला हिंमत लागते.

मेलेला जॅक अधूनमधून भेटायला येतो, दर भेटीत जास्त सडलेला आणि तितकाच गप्पिष्ट. जॅक झालेल्या ग्रिफिन डनने यात धमाल केलीय. हसावं की ओकावं कळत नाही.

आता तक्रार. इस्पितळातला डॉक्टर चौकशीला त्या पबच्या गावात जातो तो भाग रेंगाळतो, हाती फारसं लागत नाही. आणि पिकॅडिली सर्कसचा शेवट! इतका वेळ जपून ठेवलेला लांडगा भर चौकात सोडून दिलाय. गाड्या एकमेकींवर आदळतात, माणसं चिरडतात, गोंधळ दणदणीत आहे, पण धाकधूक संपलेली असते. जनावर पूर्ण दिसलं की ते जनावरच राहतं.

आपल्याकडे महेश भट्टनी १९९२ मध्ये ‘जुनून’ काढला, त्यात राहुल रॉय पौर्णिमेला वाघ होतो. दोन्ही लागोपाठ बघा, संगीत किती वेळा मध्ये बोलतं तेवढं फक्त मोजा. इथे एल्मर बर्नस्टाइनसारखा दादा संगीतकार असून पार्श्वसंगीत अगदी मोजकं वापरलंय.

सिनेमा मोठ्यांसाठीच आहे. रक्त आहे, नग्नता आहे, एक प्रसंग तर पॉर्न थिएटरात घडतो, तेव्हा सहकुटुंब लावू नका. मोबाइलच्या स्पीकरवर माळावरचा तो फिरता आवाज कळणारच नाही. हेडफोन घाला. पाचपैकी चार. अर्धा गुण पिकॅडिलीने घालवला, अर्धा त्या डॉक्टरच्या सहलीने.