बहाई लेखनाची सूची: शोधखिडकी वेगळी, अनुक्रमणी वेगळी

व्हॉट्सॲपवर ‘बहाउल्लाह म्हणतात...’ असं फुलांच्या चित्रावर फिरणारं वाक्य खरंच बहाई धर्माच्या या संस्थापकांचं आहे का, हे तपासायचं काम आमच्या प्रार्थनासभेच्या गटात माझ्या गळ्यात पडलंय. कुणी नेमलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात सूचीची कार्डं लिहिण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे सगळे माझ्याकडेच पाठवतात. त्यासाठी जे वापरते त्याबद्दल थोडं.

पहिलं अर्थातच अधिकृत ‘बहाई रेफरन्स लायब्ररी’. फुकट आहे, जाहिराती नाहीत. इंग्रजी आहे, शिवाय मूळ फारसी आणि अरबीही. मला आवडतं ते हे, की प्रत्येक परिच्छेदाला स्वतःची लिंक आहे. पान नंबर आवृत्तीगणिक बदलतो, तुमच्याकडची दिल्लीची प्रत आणि माझी परदेशी प्रत कधी जुळायची नाही. लिंक मात्र सगळ्यांना त्याच ओळीवर नेऊन सोडते. नेमके शब्द आठवत असतील तर काम झटक्यात होतं.

पण शब्द आठवत नसतील, नुसता विषय डोक्यात असेल, तर? आणि उतारा सापडला, पण तो मुळात कुठला हे हवं असेल तर?

परवाचीच गोष्ट. जगाचा समतोल ढळलाय अशा अर्थाचा उतारा एकाने पाठवला, खाली ‘ग्लीनिंग्ज, 70’. दुसरीने तोच पाठवला, खाली ‘किताब-ए-अक़दस, परिच्छेद 181’. झाली जुंपली! दोघंही बरोबर होते. ‘ग्लीनिंग्ज’ म्हणजे बहाउल्लाहांच्या लेखनातून त्यांचे पणतू आणि नंतरचे धर्मप्रमुख शोगी एफेंदी यांनी निवडून इंग्रजीत आणलेले उतारे, 1935 सालचे. प्रत्येकाच्या डोक्यावर नुसता रोमन आकडा. कुठून उचललंय ते त्या पानावर नाही. बहाउल्लाहांच्या नियमग्रंथाचं, म्हणजे संपूर्ण अक़दसचं अधिकृत इंग्रजी भाषांतर 1992 मध्ये आलं आणि शोगी एफेंदींनी आधी केलेले तुकडे त्यात तसेच ठेवले. म्हणून शब्द न् शब्द सारखा.

अशा वेळी कामाला येते ती स्टीव्हन फेल्प्स यांची सूची. बहाउल्लाह, त्यांचे अग्रदूत बाब आणि बहाउल्लाहांचे पुत्र अब्दुल-बहा यांच्या एकेका लेखनाला त्यांनी नंबर दिलाय. पिन म्हणतात त्याला. बहाउल्लाहांचं असेल तर पुढे बीएच, बाबांचं असेल तर बीबी, अब्दुल-बहांचं एबी. नोंदीत काय नाही! मूळची पहिली ओळ, तिचं इंग्रजी, शब्दसंख्या, हस्तलिखित कुठे, छापलं कुठे, भाषांतर कुठे, विषय कोणते. चाल लावून कुणी गायलं असेल तर तेही. सूचीच्या नावातच ‘पार्शल’ आहे, म्हणजे काम अपुरं असल्याचं मुखपृष्ठावरच कबूल. सूचीकाराला हे शोभतं.

पहिल्या ओळीला एवढं महत्त्व का, हे गाथा चाळलेल्या माणसाला सांगायला नको. तुकोबांचा अभंग आपण शेवटच्या अनुक्रमणीत पहिल्या चरणावरूनच शोधतो ना, तसंच. बहाउल्लाहांचं बरंचसं लेखन म्हणजे कुणाकुणाला पाठवलेली पत्रं, त्यांना शीर्षक कुठलं असायला? सगळं एकत्र केलं तर शंभराहून जास्त खंड होतील म्हणतात.

मोबाइलवर हे प्रकरण उघडू नका. कॉम्प्युटर, मोठा पडदा आणि तासभर मोकळा वेळ हवा. जोडीला ‘बहाई लायब्ररी ऑनलाइन’ ठेवा. 1990 च्या दशकापासून चालू आहे, अधिकृत नाही, पण लेख, जुनी भाषांतरं, टिपणं यांचा ढीग आहे. पुस्तकातच शोधणाऱ्यांसाठी दिल्लीहून निघालेलं ‘लाइट्स ऑफ गायडन्स’ अजूनही उत्तम: विषयवार, आणि प्रत्येक उताऱ्याला क्रमांक.

आता एक तक्रार, नाव न घेता. ‘सगळ्यांनी मिळून सूची करू’ म्हणत एक ॲप आलं होतं. कुणीही यावं, उताऱ्याला विषय चिकटवावा. मीही हौसेने चिकटवले. थोड्याच दिवसांत ऐक्य, एकता, एकी आणि युनिटी असे चार कप्पे झाले, आणि ‘प्रेम’ तर निम्म्या उताऱ्यांवर. वारसाहक्काच्या नियमावरसुद्धा ‘प्रेम’! हात खूप लागले तर सूची लवकर होते हे खरंच, पण शब्दांची यादी एकाच्या ताब्यात हवी. कार्डं लिहिणाऱ्या कुठल्याही कारकुनाने हे सांगितलं असतं, विचारतंय कोण!

मराठीचं म्हणाल तर यातल्या कशातच मला काही सापडलं नाही. अक़दस पहिल्यांदा छापली गेली ती मुंबईत, 1890-91 च्या सुमारास, आणि मराठी वाचकाला आज इंग्रजीच्या दारातून जावं लागतं. म्हणून आम्ही चौघी-पाच जणांनी गुगल शीट उघडलीय. मराठी उताऱ्याचे पहिले शब्द, पिन, रेफरन्स लायब्ररीतल्या परिच्छेदाची लिंक, भाषांतर कुणाचं, विषय. विषय ठरलेल्या यादीतूनच निवडायचा. नवा घालायचा तर आधी मला फोन. ‘काकू फार कडक’ असं कुजबुजतात, कुजबुजू देत.

अडतं ते ‘भाषांतर कुणाचं’ या रकान्यात. जुन्या प्रार्थनापुस्तिकांचे फोटो येतात, पण सगळे फक्त आतल्या पानांचे. तुमच्याकडे एखादी असेल तर मुखपृष्ठ आणि त्याच्या मागचं पानही फोटोत घ्या. साल आणि प्रकाशक बहुधा तिथेच दडलेले असतात.