भिंत पाच तारे, सँडविच दोन

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या गल्लीतल्या या छोट्या कॅफेत खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे भिंत. इंग्लंडचे सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू, ज्याच्या त्याच्या जागेवर रंगवलेले. गोलकीपर गॉर्डन बँक्स. १९७०च्या वर्ल्ड कपात पेलेचा हेडर अडवलेला गडी, विषयच संपला. बचावाला मागे बॉबी मूर, डावीकडे इंग्लंडसाठी १०७ सामने खेळलेला अ‍ॅशली कोल. ठीक. पण गोल करायला पुढे एकटा अ‍ॅलन शिअरर? इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २६० गोल, मान्य. अहो, जिमी ग्रीव्हजने इंग्लंडसाठी ५७ सामन्यांत ४४ गोल ठोकलेत, त्याला राखीव बाकावर बसवता? मालक काही ऐकेनात, कटिंगवर कटिंग होत गेले. चहा फक्कड, सँडविच मात्र कोरडं ठाक. मॅचच्या रात्री लवकर जा, खुर्च्या मोजक्याच आहेत.