उशाशी पुस्तकांची चळत: आईनं आधी काय उचलावं?

पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, वाचनाची वर्षभराची योजना, नाताळात भेट आलेलं मुलांच्या संगोपनावरचं भाषांतरित पुस्तक, वाचनालयाचं मुदत उलटलेलं चरित्र, ‘स्मृतिचित्रे’ आणि सगळ्यात खाली संडे स्कूलची पुस्तिका. सांगली-मिरजेकडच्या ख्रिस्ती घरांत आईच्या उशाशी अशी चळत दिसते, आणि वरच्या पुस्तकावर हमखास तापाच्या औषधाची बाटली असते. वेळ मिळत नाही हे खरंच आहे. पण सगळ्या पुस्तकांना एकाच जातीचा वेळ लागत नाही. हात मोकळे आहेत का, डोळे मोकळे आहेत का, आणि मध्येच “आई!” अशी हाक आली तर धागा तुटेल का, एवढ्या तीन गोष्टींवर मी इथं सगळं तोललंय.

आधी शास्त्र. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या पवित्र शास्त्रात 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचं तर रोज सव्वातीन अध्याय. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 जानेवारी संपेपर्यंत पुरतात. गोष्टी आहेत, ओढून नेतात. मग दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ येतात आणि नेमकं तेव्हाच लेवीय उघडतं: होमबली, अन्नबली, शुद्ध-अशुद्धाचे नियम. घरात एकाला ताप आला की चार दिवस जातात आणि योजनेचा तक्ता वाण्याच्या उधारीसारखा फुगत जातो. बऱ्याच जणींचं वाचन तिथंच थांबतं, आणि दोष मात्र त्या स्वतःच्या भक्तीला देतात.

त्यापेक्षा एका वेळी एकच पुस्तक घ्यावं. नीतिसूत्रांचे 31 अध्याय आहेत. आज जी तारीख, तो अध्याय. चार तारीख हुकली तर पाच तारखेला पाचवाच वाचायचा, मागची बाकी नाही. लूकचे 24 अध्याय 1 डिसेंबरला सुरू केले तर नाताळच्या आदल्या संध्याकाळी संपतात. स्तोत्रं मात्र आधी चाळून घ्या: 117वं दोन ओव्यांचं आहे, 119वं 176 ओव्यांचं. डबे भरायच्या आधी कुठलं उघडायचं हे वेगळं सांगायला नको.

वर्षाच्या योजनेची बाजूही सांगते. संदेष्ट्यांची पुस्तकं आपणहून कोण उघडतं? योजना ती वाचायला लावते, आणि शुभवर्तमानातले कितीतरी संदर्भ त्याशिवाय उलगडत नाहीत. मुलं हायस्कुलात असतील, घरात आणखी कुणी सोबत वाचणार असेल, तर जरूर घ्या. पाच वर्षांखालचं मूल असेल तर माझं मत स्पष्ट आहे: यंदा नको.

भाषांतराचंही तसंच. कौटुंबिक उपासनेला बायबल सोसायटीचं जुनं भाषांतरच बरं, कारण सासूबाईंना त्यातली वचनं पाठ असतात आणि एक शब्द बदलला की त्या डोळे उघडतात. एकटीनं वाचायला पंडिता रमाबाईंचं आवर्जून पाहा. मूळ हिब्रू-ग्रीकवरून, साध्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी ते केलं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते छापलं गेलं आणि त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये पुरं बाहेर आलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ मराठी म्हणून वाचायला सुरेख आहे, पण ते टेबलावर ठेवून वाचायचं पुस्तक. मांडीवर बाळ आणि हातात ते, हे जमत नाही.

शास्त्राखेरीज काय वाचावं, यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, आणि तेही सर्वांत आधी. 1934 ते 1936 या काळात ते चार भागांत आलं. एकेक प्रसंग दोन-चार पानांत उरकतो, त्यामुळं हाक आली तरी बिघडत नाही. आणि आत काय आहे? सोवळ्यापायी घर वेठीला धरणारे वडील, न सांगता निघून जाणारे त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, न विचारता घरी येणारे पाहुणे, रिकामे डबे, आणि या सगळ्यावर स्वतःलाच हसणारी बाई. 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी काही वर्षं वेगळं राहून, आपल्या पावलांनी तो रस्ता गाठला. श्रद्धेवरचं व्याख्यान पुस्तकात कुठंच नाही, तरी श्रद्धा पानोपानी आहे. शेवटाकडं आपला भागही येतो: 1917 मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तो साताऱ्यात.

‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या चरित्राचं काव्य टिळकांनी अर्धवट सोडलं, लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ते ओवीबद्ध आहे. मोठ्यानं वाचलं तरच गोडी, म्हणून ते घरच्या उपासनेसाठी ठेवा. रमाबाईंचं 1889 मधलं अमेरिकेचं प्रवासवृत्त बुद्धीला खाद्य देणारं आहे, पण त्याला सलग तास लागतो, तेव्हा मे महिन्यात माहेरी न्या. बाबा पदमनजींची कादंबरी ‘यमुनापर्यटन’ 1857ची. लहान आहे म्हणून हातात घ्याल, पण जुनी भाषा आणि विधवांच्या दुःखामागून दुःखाच्या कहाण्या. दमून आलेल्या रात्री झेपत नाही.

आता कागद, फोन की कान? मिरजेहून सांगलीला वडापनं, म्हणजे गच्च भरलेल्या शेअर गाडीनं, जाणारीला पुस्तक उघडता येत नाही, कोपरसुद्धा हलत नाही. तिथं कानच कामाचे. शास्त्राच्या मोफत अ‍ॅपवर मराठी मजकूर आहे आणि ऐकायचीही सोय आहे. मार्कचे 16 अध्याय साधारण दोन तासांचं काम. दोन-तीन दिवसांच्या भाकऱ्यांत होऊन जातात. पण पौलाची पत्रं ऐकू नका. एकेक वाक्य इतकं लांब की मध्येच मिक्सर फिरला की ‘म्हणून’ कशाबद्दल होतं तेच हरवतं. कानाला कथा द्यावी, युक्तिवाद डोळ्यांना. स्टोरीटेल या पुस्तकं ऐकायच्या अ‍ॅपवर मराठी कादंबऱ्या भरपूर आहेत, मात्र त्याची वर्गणी भरायची तर रोज ऐकणं व्हायला हवं.

फोनवर वाचण्याचा खरा फायदा रात्री. बाळाला पाजताना एका हातानं, दिवा न लावता वाचता येतं. तोटा असा की महिला मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी प्रार्थनाविनंती टाकतं आणि वाचन संपतं. शिवाय आई शास्त्र वाचतेय की रील्स पाहतेय, हे पोराला कळत नाही. दिवसा म्हणून मी कागदाच्या बाजूची.

विकत की वाचनालयातून? ‘स्मृतिचित्रे’ विकत घ्या, ते पुन्हा पुन्हा उघडलं जातं. कादंबऱ्या-चरित्रांना सांगलीचं नगर वाचनालय किंवा मिरजेचं खरे वाचन मंदिर बरं. परतीची तारीख डोक्यावर असली की पानं आपोआप उलटतात. नदीकडेला राहणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. 2019च्या पुरात नगर वाचनालयातही पाणी शिरून पुस्तकांचा लगदा झाला होता. गावभागातल्या घरात विकतची पुस्तकं खालच्या फडताळात नकोत.

राहिलं ते संगोपनाचं जाड पुस्तक. ते पहिल्या पानापासून वाचू नका. अनुक्रमणिकेत या महिन्याची भानगड शोधा, जेवण असो, खोटं बोलणं असो की मोबाइल, तेवढं प्रकरण वाचा आणि पुस्तक पुढच्या रविवारी उपासनेनंतर ज्या बाईचं मूल तुमच्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे तिच्या पिशवीत घाला.