स्वराज द्वीपावरील एका महागड्या रिसॉर्टमध्ये चार रात्री

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. तीस वर्षे मी मागांच्या खडखडाटात उभा राहून बोलत आलो आहे, आणि घरी आल्यावरही माझा आवाज चढलेलाच असतो, ही घरच्यांची जुनी तक्रार आहे. यंदा मुलीने हट्टच धरला की, आईबाबांनी चार दिवस तरी जिथे कसलाही आवाज नाही अशा ठिकाणी जाऊन राहावे. म्हणून सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात, आम्ही दोघे अंदमानातील स्वराज द्वीपावर, राधानगर किनाऱ्याला लागून असलेल्या झाडीतील एका रिसॉर्टमध्ये चार रात्री राहिलो. न्याहारी आणि रात्रीचे जेवण धरून एका रात्रीचे भाडे २६,००० रुपये होते. ७,५०० रुपयांवरील खोलीला १८ टक्के जीएसटी लागतो, तो मिळवून चार रात्रींचे १ लाख २२ हजार ७२० रुपये झाले. रिसॉर्टचे नाव येथे देत नाही, कारण पुढे एक तक्रार येणार आहे आणि ती मी त्यांच्याकडे लेखी मांडलेली आहे. तरीही या बेटावर एवढे पैसे मोजून राहण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांना यातून काय पाहून घ्यावे हे कळेल.

प्रवासाबद्दल थोडक्यात सांगतो. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने चेन्नई, तेथे एक मुक्काम, मग दोन-सव्वादोन तासांच्या विमानप्रवासाने श्री विजयपुरम, म्हणजे २०२४ च्या सप्टेंबरपर्यंतचे पोर्ट ब्लेअर, आणि तेथून बोटीने दीड-दोन तासांत स्वराज द्वीप, असा आमचा मार्ग होता. या बेटाचे जुने नाव हॅवलॉक. ३० डिसेंबर २०१८ रोजी ते बदलण्यात आले, तरी बोटीच्या धक्क्यावर अजून तेच नाव अधिक ऐकू येते. धक्क्यापासून राधानगर दहा-बारा किलोमीटर आत आहे. वाटेत सुपारीच्या बागा, भातखाचरे आणि पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या निर्वासितांची गावे लागतात. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर आणि शेवटी राधानगर.

खोली ठरवण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या बेटावरील बरीचशी हॉटेले पूर्व किनाऱ्यावर आहेत. तेथे सूर्योदय सुरेख दिसतो आणि भाडेही कमी असते, परंतु ओहोटी लागली की समुद्र दूरवर मागे सरतो, उघड्या पडलेल्या खडकांवरून आणि मेलेल्या प्रवाळावरून चालावे लागते, आणि डुंबायचे म्हटले तर भरतीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर राहत नाही. राधानगरचा किनारा पश्चिमेला आहे, त्याचा तळ निव्वळ वाळूचा आहे, आणि त्यामुळे भरती-ओहोटीचे वेळापत्रक न पाहता पाण्यात उतरता येते. २००४ मध्ये टाइम मासिकाने या किनाऱ्याला आशियातील सर्वोत्तम ठरवले होते आणि २०२० मध्ये त्याला स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ब्लू फ्लॅग मानांकनही मिळाले. एवढे असूनही किनारा सार्वजनिकच आहे; रिसॉर्टच्या मालकीची वाळू वगैरे काही नसते. आमच्या रिसॉर्टचे लाकडी फाटक किनाऱ्याच्या एका टोकाला उघडत होते, जेथे सहलीच्या गाड्यांतून उतरलेली गर्दी फारशी पोहोचत नाही. जास्तीचे भाडे निम्मे या फाटकाचे आहे, असे समजायला हरकत नाही.

उरलेले निम्मे शांततेचे. ही शांतता आपोआप राहिलेली नाही, त्यासाठी किती बारकाईने व्यवस्था केलेली आहे हे मला पहिल्या दिवशी समजले नाही, दुसऱ्या दिवशी हळूहळू समजू लागले. सामान नेणाऱ्या गाड्या बॅटरीवर चालतात. जनरेटर डोंगराच्या बाजूला, स्वयंपाकघराच्याही मागे, भिंतीआड ठेवला आहे. तरणतलावापाशी गाणी लावत नाहीत. कर्मचारी रबरी तळाच्या चपला घालतात, आणि आपण न्याहारीला गेलेले असतानाच खोली आवरून जातात. खोलीत दूरध्वनी आहे, परंतु तो फक्त आपण करायचा. स्वागतकक्षातून कधीही फोन येत नाही, काही निरोप असेल तर व्हरांड्यातील छोट्या पाटीवर खडूने लिहून ठेवतात. रात्रीचे दिवे गुडघ्याएवढ्या उंचीचे आणि खाली तोंड केलेले आहेत, त्यामुळे वाट दिसते आणि आभाळही दिसते. वाय-फाय केवळ स्वागतकक्षात आणि वाचनालयात मिळते. चेन्नईपासून अंदमानापर्यंत समुद्राखालून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटरची केबल २०२० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि तिची एक शाखा या बेटावरही आली आहे, म्हणजे खोल्यांमध्ये वाय-फाय न देणे हा त्यांचा जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे. कारखान्याचे निरोप पाहण्यासाठी मी दिवसातून दोनदा वाचनालयात जात असे, आणि तेवढे पुरले.

मागांच्या आवाजाची सवय असलेल्या माणसाला पहिली रात्र जड गेली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अक्कलकोट रोडवर वीज गेली आणि सगळे माग एकदम थांबले की विणकर जसा दचकून वर पाहतो, तसा मी दोनदा जागा झालो. मग लाटांचा आवाज कानाला लागू लागला. तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर मी चहा मागितला आणि वाढपी मुलाने पुढे वाकून विचारले, "काय म्हणालात, सर?" सौभाग्यवती माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अहो, तीस वर्षांत पहिल्यांदाच तुम्हाला कुणी मोठ्याने बोला म्हणतंय." त्या वाक्यासाठी मी हा सगळा खर्च पुन्हा करीन.

तो मुलगा आंध्रातल्या श्रीकाकुळमकडचा होता. आमच्या कारखान्यातील विणकर सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातले, त्यामुळे मला कामापुरती तेलुगू येते. त्याला दोन वाक्ये ऐकवताच त्याने समुद्राची सारी माहिती आम्हाला खुलेपणाने दिली. खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर अंदमानात आहे, म्हणून आखून दिलेल्या पट्ट्यातच आणि जीवरक्षक असतानाच पाण्यात उतरायचे. संध्याकाळी पाच वाजल्यानंतर वाळूवर बसायचे तर पायांना नारळाचे तेल लावायचे, कारण वाळूतल्या बारीक माश्या चावलेल्या कळत नाहीत आणि मग आठवडाभर खाज सुटते. सौभाग्यवतींनी तेल लावले, मी लावले नाही; सोलापुरात परतल्यावरही माझे घोटे लाल होते. एवढी महत्त्वाची सूचना खोलीतील माहितीपत्रकात नसावी, हे खटकले. त्याच पत्रकात शिंपले आणि प्रवाळ उचलू नयेत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे, असे मात्र ठळक छापलेले होते, आणि ते योग्यच आहे.

सूर्यास्ताची वेळ लक्षात ठेवावी. घड्याळ सोलापूरचेच चालते, पण हे बेट सोलापूरच्या सुमारे सतरा अंश पूर्वेला असल्याने सूर्य तासाभराहून अधिक लवकर उगवतो आणि मावळतो. जानेवारीच्या अखेरीस साडेपाचच्या आत सूर्य पाण्याला टेकतो. दुपारी झोप काढून सहा वाजता किनाऱ्यावर फिरायला जाऊ, असा सोलापुरी हिशेब धरला तर हाती अंधार लागतो. पहिल्या दिवशी आमचे तसेच झाले. पुढचे तीनही दिवस आम्ही साडेचारलाच फाटकातून बाहेर पडून किनाऱ्यावरील उंच समुद्री महुव्याच्या सावलीत बसलो. ओहोटीनंतरची ओली वाळू, प्रवाळाच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्यापासून झालेली, इतकी बारीक असते की पायाचा ठसा उमटताना कडेला पांढरी रेघ येते आणि पाऊल उचलताच ती विरून जाते. सौभाग्यवती बराच वेळ तेवढेच पाहत उभ्या होत्या.

आता माझ्या धंद्याचा विषय. खोलीत अंगाचे चार, हाताचे चार आणि किनाऱ्यावर न्यायचे दोन टॉवेल होते. टेरी टॉवेल विणताना तानाचे, म्हणजे उभ्या सुताचे, दोन बीम (सूत गुंडाळलेले रूळ) लागतात. एक घट्ट ताणलेला, दुसरा सैल सोडलेला, आणि त्या सैल सुताचे लूप, म्हणजे बारीक फासे, कापडावर उभे राहतात. पाणी शोषले जाते ते या लूपांमुळे. मी सवयीप्रमाणे आधी पाण्याचा एक थेंब टॉवेलवर सोडला. नव्या टॉवेलवर मऊपणासाठी सिलिकॉन चढवलेले असते, त्यावर थेंब मोत्यासारखा घरंगळतो आणि गिऱ्हाईक मऊपणाला भुलते. येथे तो टेकताक्षणीच आत गेला. सूत कापसाचे, पिळाचे, कडेची शिलाई दुहेरी, एकही लूप ओढला गेलेला नाही. धुलाईही उत्तम होती, खाऱ्या हवेतसुद्धा पांढऱ्या रंगाला पिवळी झाक आलेली नव्हती. माल निवडणाऱ्या माणसाला टॉवेल कळतो, हे मी खात्रीने सांगू शकतो.

परंतु त्याला बेट कळलेले नाही. अंगाचा टॉवेल ७० बाय १४० सेंटिमीटरचा आणि हाताला ७०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचा लागत होता. म्हणजे एकेक टॉवेल कोरडाच पावणेसातशे-सातशे ग्रॅमचा. एवढा जाड टॉवेल शहरातील वातानुकूलित हॉटेलात शोभतो. समुद्राच्या दमट हवेत तो सकाळी व्हरांड्यातल्या दांडीवर टाकला तर संध्याकाळीही ओलाच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येऊ लागतो. आमच्याकडे जानेवारीच्या उन्हात टॉवेल दोन तासांत कडकडीत वाळतो, त्यामुळे हा फरक मला आधी स्वतःलाही सुचला नसता. साहजिकच पाहुणे रोज नवे टॉवेल मागतात, रोज सगळे धुवावे लागतात, आणि ज्या बेटावर गोडे पाणी जपून वापरा अशी विनंती न्हाणीघरातच लिहिलेली आहे, तेथे ते पाणी जाड टॉवेलांवर खर्च होते. ४५० जीएसएमचा, जरा मोकळ्या विणीचा टॉवेल दिला तर अंग तितकेच पुसले जाईल आणि तो दुपारपर्यंत वाळेल. निघताना मी हे व्यवस्थापकांना सांगितले. त्यांनी मनापासून ऐकून घेतले आणि वहीत लिहूनही घेतले.

जेवण चांगले होते, त्यात फार लिहिण्यासारखे नाही. मासे ताजे असतात, बंगाली पद्धतीचा मोहरीतला मासा मी दोनदा मागवला. शाकाहारी माणसाने मात्र फार मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत, कारण बरीचशी भाजी जहाजाने येते. सौभाग्यवतींनी सोबत शेंगाचटणी आणि कडक भाकरी नेली होती. स्वयंपाक्याने ती चाखून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत खायला नारळाच्या दुधातली वांगी करून दिली. त्या जेवणाचे वेगळे पैसे लावले नाहीत.

तक्रार शेवटच्या दिवसाची आहे. आमची परतीची बोट दुपारी अडीचची होती. सकाळी बोट कंपनीने वेळ बदलून बाराची केली आणि तसे रिसॉर्टला नऊच्या सुमारास कळवले. त्यांनी रिवाजाप्रमाणे व्हरांड्यातल्या पाटीवर खडूने निरोप लिहिला. आम्ही तेव्हा किनाऱ्यावर होतो आणि साडेअकराला खोलीवर आलो. बोट गेली. संध्याकाळच्या दुसऱ्या बोटीची तिकिटे नव्याने काढावी लागली, साडेतीन हजार रुपये गेले, आणि श्री विजयपुरमला एक रात्र हाताशी ठेवली होती म्हणून विमान तेवढे वाचले. किनारा खोलीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर होता. एक माणूस चालत आला असता तरी पुरे होते. जेवणाची वेळ पाटीवर लिहावी, बोटीची वेळ माणसाने येऊन सांगावी, एवढा विवेक या दर्जाच्या ठिकाणी असलाच पाहिजे. स्वागतकक्षातील मुलीने क्षमा मागितली, पण पैशांबद्दल ती काही बोलू शकली नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथे जाण्याचा काळ आहे, मेच्या उत्तरार्धात पाऊस सुरू होतो. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी पूर्व किनाऱ्यावरील साधे हॉटेल पाहावे, मुलांना या शांततेचा जाच होईल. ज्यांच्या कानांना विश्रांती हवी आहे, त्यांनी मात्र राधानगरच्या बाजूलाच राहावे, परतीच्या विमानाआधी एक मुक्काम श्री विजयपुरमला ठेवावा, आणि बोटीच्या तिकिटावर रिसॉर्टचा न देता स्वतःचा मोबाइल क्रमांक द्यावा.

सोलापुरात परतल्यावर मी व्यवस्थापकांना बोटीबद्दल पत्र लिहिले आणि त्यासोबत ४५० जीएसएमचे दोन टॉवेल नमुन्यादाखल पाठवले. बारा दिवसांनी साडेतीन हजार रुपये खात्यावर जमा झाले. टॉवेल व्हरांड्यातल्या दांडीवर टाकून पाहिले, दुपारी दोनपर्यंत वाळले, असा निरोपही आला. तो त्यांनी फोन करून दिला.