नानांच्या खोलीसाठी: ब्लोअर, ऑइल हीटर की हॉट-कोल्ड एसी?

दिवाळी आटोपली की आमच्या नात्यात एक प्रश्न हमखास निघतो, म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत यंदा काय लावायचं. ब्लोअर, ऑइल हीटर, की एकदाचा हॉट-कोल्ड एसीच. आमच्या धुळ्याच्या घरी गेल्या चार हिवाळ्यांत तिन्ही वापरून झालेत, म्हणून जे अनुभवलं ते सांगतो. तुमच्या घराची बांधणी वेगळी असेल तर थोडं इकडेतिकडे धरा.

पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात खान्देशात कसली आलीये थंडी, तिकडे तर 45 अंशांत माणसं भाजतात. भाजतात हे खरंय, पण हवा कोरडी असली की दिवसाची ऊब सूर्य मावळल्यावर टिकत नाही. धुळ्यात काही वर्षी पारा 5-6 अंशांवर येतो, आणि रावेर-यावलकडे केळीवाले रात्री बागेला पाणी देतात अन् पहाटे बांधावर धूर करतात, कारण 10 अंशांच्या खाली गेलं की केळीची वाढच थांबते. त्यात आपली घरं बांधलेली असतात उन्हाळ्यासाठी, छत उंच, दारावर झरोका, खिडक्यांना फटी. गावाकडचं आमचं धाब्याचं घर होतं, हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, त्या दिवसभराचं ऊन धरून ठेवायच्या. शहरातल्या सिमेंटच्या घरात ते होत नाही.

शेगडीचं आधी बोलून घेतो कारण अजूनही लोक ती वापरतात. भरीत पार्टीला पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, मग त्याच निखाऱ्यावर रात्री शेकत बसलो, इथपर्यंत ठीक, ते उघड्यावर असतं. पण निखाऱ्याची शेगडी दार लावून झोपायच्या खोलीत अजिबात ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपलेल्या माणसाला कळतच नाही काय होतंय ते. काश्मीरमध्ये घरात बुखारी, म्हणजे लाकूड-कोळशाची बंद शेगडी, पेटवतात ते पाहून काहींना वाटतं मग आपण का नको, पण बुखारीला धुराडं असतं, धूर थेट बाहेर जातो, आपल्या शेगडीला ते नाही. आणि दुकानात जे सांगतात ना की अमुक हीटर ऑक्सिजन जाळतो अन् तमुक जाळत नाही, त्यावर जाऊ नका, विजेवरचा कुठलाच हीटर ऑक्सिजन जाळत नाही, ऑक्सिजन जाळते ती शेगडी.

आता ब्लोअर. स्वस्त, हलका, बटण दाबलं की दोन मिनिटांत गरम हवा. आंघोळीनंतर कपडे बदलायला, लहान बाळाला तेल लावायला याच्यासारखी वस्तू नाही. आम्ही पहिल्या वर्षी हाच आणला आणि नानांच्या खोलीत ठेवला. नाना 76 वर्षांचे, दम्याचा त्रास, रात्री झोप तशीही तुटक. पहिले दोन दिवस खूश होते. मग लक्षात आलं की ब्लोअर चालू ठेवला तर तोंडावर कोरडी हवा येऊन घसा सुकतो, खोकला सुरू होतो, वर पंख्याची घरघर, थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारी कळ) मधूनमधून टक्‌ करून बंद-चालू होतो. म्हणून ते उठून बंद करायचे. बंद केला की दहा-पंधरा मिनिटांत खोली होती तशी गार, कारण गरम झालेली असते फक्त हवा, आणि ती फटीतून निघून जाते. मग परत उठायचं, स्वेटर चाचपायचा, चपला शोधायच्या, चालू करायचा. एके रात्री मी पाणी प्यायला उठलो तर पहाटे तीनला नाना अंधारात भिंतीला हात लावत बोर्डाकडे चालले होते, कानटोपी अर्धी डोळ्यांवर आलेली. त्या रात्रीत तिसऱ्यांदा, असं त्यांनीच सांगितलं. या वयात माणूस अंधारात पडला तर खुब्याचं हाड जातं. माझ्यासाठी ब्लोअरचा निकाल तिथेच लागला, बाकी सगळं नंतरचं.

ऑइल हीटर घेतला तो दुसऱ्या वर्षी, 9 फिनवाला, म्हणजे 9 उभ्या पट्ट्यांचा. लोक विचारतात यातलं तेल किती दिवसांनी बदलायचं. बदलायचं नसतं, ते आत बंद असतं आणि जळत नाही, फक्त तापतं आणि ऊब धरून ठेवतं. तोटा सरळ सांगतो, हा लवकर तापत नाही. आमच्या 10 बाय 12 च्या खोलीला जाणवेल अशी ऊब यायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून नानांचं जेवण चालू असतानाच आई तो लावून ठेवते. जडही आहे, चाकं आहेत म्हणून बरं. पण एकदा तापला की आवाज नाही, तोंडावर झोत नाही, आणि लाईट गेली तरी पुढे अर्धा तास तरी अंगाशी ऊब देत राहतो, पहाटे लाईट जाणाऱ्या भागात हे फार कामाचं आहे. नाना आता रात्रीत एकदाच उठतात, तेही बाथरूमला.

बिलाचं म्हणाल तर 2000 वॅटचा ब्लोअर आणि 2000 वॅटचा ऑइल हीटर दोन्ही पूर्ण चालले तर तासाला 2 युनिटच खातात, तेल आहे म्हणून वीज कमी लागते असं काही नाही. फरक वापरात पडतो. आमच्याकडे थर्मोस्टॅट मधल्या आकड्यावर असतो, डिसेंबर-जानेवारीचं बिल मे महिन्याच्या बिलापेक्षा कमीच आलं. एक मात्र नक्की करा, 16 अँपिअरचा सॉकेट. 2000 वॅट म्हणजे जवळपास 9 अँपिअर, आणि खोलीतले साधे सॉकेट असतात 6 चे. आम्ही सुरुवातीला एक्स्टेन्शन बोर्डवर लावला होता, आठवड्यात पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडलं, वास आला म्हणून कळलं.

हॉट-कोल्ड एसी वरच्या मजल्यावर धाकट्या भावाच्या खोलीत आहे, इन्व्हर्टरवाला (गरजेप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा), आणि हिशोबाने पाहिलं तर तोच जिंकतो. कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली आत ओढून आणतो, त्यामुळे 1 युनिट विजेत साधारण 3 युनिटची ऊब मिळते. नॉर्वेसारख्या देशात याच तत्त्वावरचे हीट पंप घरोघरी दिसतात, आणि तिकडे उणे तापमानात बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो, तो अधूनमधून वितळवावा लागतो, आपल्याकडे 8-10 अंशांत ती अडचण जवळपास येतच नाही. शिवाय आपल्याला उन्हाळ्यात एसी लागतोच. म्हणून नवीन एसी घेणारच असाल तर हॉट-कोल्डच पाहा, असं मी भावालाही म्हटलं होतं.

पण नानांना मागच्या जानेवारीत चार रात्री वरच्या खोलीत झोपवलं होतं, आईची गादी खाली जमिनीवर. सकाळी विचारलं तर आई म्हणाली, "डोकं गरम व्हयनं, पाय ते गारच शेतस ना रे भाऊ." युनिट छताजवळ, गरम हवा वरच जाते, आमचं छत 11 फूट, झोत खाली वळवला तरी जमिनीपर्यंत ऊब पोचायची नाही. कोरियात याच्या अगदी उलट करतात, ओंडोल म्हणतात, पूर्वी चुलीचा धूर फरशीखालच्या पोकळीतून फिरवायचे, आता फरशीखाली गरम पाण्याचे पाइप असतात, माणूस खाली झोपतो आणि ऊब खालूनच येते. जपानी लोक तर बुटक्या टेबलाखाली हीटर लावून वरून रजई सोडतात, कोतात्सु, त्यात पाय घालून बसतात. काश्मिरी माणूस फेरनच्या, म्हणजे सैल झग्याच्या, आत कांगडी धरतो, निखाऱ्यांची छोटी टोपली. आईचे पाय गार राहिले तेव्हा हे सगळं पटलं.

माझा मावसभाऊ जर्मनीत असतो, त्याने एक सांगितलं ते आम्ही केलं. तिकडे रेडिएटर बहुतेक खिडकीखाली असतो, कारण काचेजवळची गार हवा खाली उतरते अन् तिथेच तापून वर जाते. आम्ही पण ऑइल हीटर खिडकीखाली, पलंगाच्या पायथ्याशी, अंगापासून तीन फूट लांब ठेवला आणि पडदा काढून टाकला. आई वाळत घातलेला टॉवेल त्यावर टाकायची, तेवढं बंद केलं, ते धोक्याचं असतं. दाराखाली जुन्या गोधडीची गुंडाळी. आणि जर्मन लोक ऐन थंडीत सकाळी पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडतात, ओल धरू नये म्हणून, तेही आम्ही करतो, नाना कुरकुर करतात पण करतो.

तर खोली मोठी, छत खाली आणि वायरिंग नवीन असेल तर एसीचा विचार नक्की करा, मी नाही म्हणणार नाही. फक्त बाथरूमच्या बाहेर हवा असेल तर ब्लोअर पुरे. पण म्हातारं माणूस रात्रभर झोपणार असेल तर मी तरी ऑइल हीटरच घेईन, आणि नोव्हेंबरमध्येच घेईन, थंडीची लाट आल्यावर आमच्याकडच्या दुकानात फक्त ब्लोअर उरलेले असतात.